हो की नाय

पेंढ्याचा वास यायला लागला की मला टीव्ही आठवतो. दुसऱ्या कुणाला त्या वासानं बैल आठवत असतील, आई आठवत असेल. मला तो काळापांढरा टीव्हीच आठवतो, कारण तो आमच्या घरी आला तो खळ्याच्या दिवसांत, आणि त्याला टेकवायला घरात हातभर जागा नव्हती. पडवीत भाताची पोती, ओटीवर वालाचं बियाणं, आत चूल. तेव्हा माझ्या पोरानं, बापूनं, तो पेंढ्याच्या भाऱ्यांवर मांडला. कल्याणहून किन्हवलीपर्यंत एसटीच्या टपावर आणि तिथून बैलगाडीत बसून आलेला टीव्ही, तो गवतावर बसूनच पहिल्यांदा आमच्याशी बोलला. त्याची पाठ तापली की पेंढा तापायचा आणि गोडूस, जरा करपट वास घरभर व्हायचा. माझ्या बायकोनं पहिल्याच संध्याकाळी पाण्याची कळशी शेजारी आणून ठेवली. गणपा शेजारी म्हणाला, "वहिनी, टीव्हीला तहान लागली काय?" ती म्हणाली, "तुमच्या घरात नाय ना पेटायचा तो."

यंदाही खळं आलंय. खळं म्हणायचं आपलं. मशीन येतं, भात एकीकडं टाकतं, पेंढा दुसरीकडं, दुपारपर्यंत सगळं आटपतं. पण पेंढ्याचा वास मशीनला बदलता आलेला नाही. मी भाऱ्यांच्या उडवीला टेकून बसतो आणि आतून बायकोचा आवाज येतो. ती सुनेला विचारते, "भाईर कोन बसलाय गो?"

सून सुमन म्हणते, "मामा हायत, आई."

"कोनाचे मामा?"

मी उगाच खोकतो.

त्या टीव्हीवर आठवड्यातून एकदा संध्याकाळी एक खेळ लागायचा. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणी कधी धड घेतलं नाही, आम्ही त्याला पट्टीचा खेळ म्हणायचो. लांब टेबलामागं चार नावाजलेली माणसं बसायची. एक नट, एक बातम्या देणारी बाई, एक नाटकातला विनोदी माणूस आणि जाड भिंगांचे एक प्राध्यापक. चौघांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. मग पडद्याआडून पाहुणा यायचा, तोही कुणी मोठाच, सिनेमातला, क्रिकेटातला, गाण्यातला. तो फळ्यावर आपलं नाव लिहायचा, म्हणजे बघणाऱ्यांना कळावं आणि चौघांना कळू नये. त्यांनी विचारायचं आणि पाहुण्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं, तेही आवाज बदलून. कुणी नाकातून बोलायचा, कुणी बाईसारखा बारीक. ओळखलं आणि नाव सांगितलं की पट्ट्या सुटायच्या, हातात हात मिळायचे. नुसतं ओळखून भागत नसे, नाव तोंडानं घ्यावं लागे. तो नियमच होता.

मी चौथीपर्यंत शिकलेला. फळ्यावरचं नाव मी अक्षराला अक्षर लावून मोठ्यानं वाचायचो. वाचता येत असताना मनात कशाला वाचायचं? पण बायको चिडायची. "अवो, तोंड मिटा. मना वळखायचाय." तिला अक्षर येत नव्हतं, फळा तिच्यासाठी कोराच होता. चेहराही दिसू नये म्हणून पाहुणा आला की ती डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायची. टीव्हीवरच्यांची पट्टी काळी, हिची हिरवी. पदराआड बसून कान द्यायची. कधी बरोबर निघायचं, कधी साफ चुकायचं. एकदा एका क्रिकेटवाल्याला तिनं कीर्तनकार ठरवलं होतं आणि पट्ट्या सुटल्यावरही ती म्हणत होती, "मंग त्यानं कीर्तनच करायला पायजे होतं." पण एकदा तिनं अगदी पहिल्याच 'हो'वर एका म्हाताऱ्या नटाला पकडलं. मी विचारलं, कसं? तर म्हणाली, "मानूस आवाज बदलंल. दम घ्यायची जागा कशी बदलंल?"

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता धरून बसलोय.

त्या वर्षी खेळ टीव्हीतून खळ्यावर उतरला. दिवसभर फळीवर भारे झोडायचे, ऊन कलताना सूप हलवून वाऱ्यावर भात सोडायचं, आणि सांज झाली की शेकोटीशी गणपा खेळ मांडायचा. गणपा म्हणजे टीव्हीवर टेबलाच्या टोकाला बसून खेळ चालवणारा सूटवाला, फक्त अंगात बंडी. झोडणीला वाडीवरून आलेली जनी आणि तिची माणसंही बसायची. जनीच्या डोळ्यांवर पंचा बांधला की ती म्हणायची, "आमची तर रोजच पट्टी. कंचा मालक कवा काय बोलंल ते वळखत जगायचा." आम्ही हसायचो. मीही हसायचो, मालक असून. गार वारा सुटलेला, हाताला भाताची कुसळं टोचलेली, शेकोटीत भाजलेल्या शेंगा, आणि पंचा बांधून बसलेलं एक माणूस तोंड वर करून विचारतंय, बाप्या हाय का? गोरा हाय का? हितलाच का? आमच्या गावात नावाजलेलं कोण असणार? म्हणून सगळेच पाहुणे, सगळेच मोठे. देवळातला गुरव मोठा, रेशनवाला मोठा, गणपाची म्हैससुद्धा एकदा पाहुणी होऊन गेली.

आता इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. माझं नाव काशिनाथ. हे नाव माझ्या बायकोच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नात उंबऱ्यावर अडवून बायांनी तिला उखाण्यात घ्यायला लावलं म्हणतात, पण तिनं ते इतकं हळू घेतलं की मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मला ऐकू आलं नाही. वरच्या आळीला एक काशीबाई राहायची. तिला बायको जन्मभर "ती वरची" म्हणत आली. मला हाक मारायची ती 'अवो'. दुसऱ्याशी बोलताना मी 'घरात', 'हे', 'बापूचे बाबा'. मला त्यात काही कमी वाटलं नाही. उलट ऐट वाटायची. देवाच्या गाभाऱ्यात बोट करू नये, तसं ते.

तर एका संध्याकाळी गणपानं तिला बसवलं. "वहिनी, टीव्हीसमोर लई हुशारी करतांव. या हितं." पंचा बांधला आणि मला उडवीमागून खूण केली. मी टाचा उचलून आलो, समोर उकिडवा बसलो.

ती म्हणाली, "बाप्या हाय का?"

मी नाकातून म्हणालो, "हो."

तिची मान जरा कलली. मग सरळ झाली. आणि मला कळलं की झालं, तिनं ओळखलं. पण ती थांबेना.

"ह्याला वाचता येतं का?"

"हो."

"मोठ्यानं वाचून दुसऱ्याचा खेळ मोडतो का?"

खळ्यावर हशा. मी म्हणालो, "हो."

"हट्टी हाय का?"

मी गप्प. गणपा म्हणाला, "पावनं, उत्तर द्या. खेळ हाय."

"नाय."

"म्हंजे खोटं पन बोलतो," ती म्हणाली. जनी तर मांडीवर थापा मारत होती. "कालवणात मीठ कमी पडलं तर तोंडानं सांगतो का?"

"नाय."

"मंग नुसता ताटाकडं बघत बसतो का?"

"हो," मी म्हणालो, आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालो, नाकबिक विसरून.

गणपानं हात वर केला. "वळखलांव ना, वहिनी?"

"वळखला."

"मंग घ्या नाव."

शेकोटीत एक काटकी फुटली तेवढंच. पंच्याखाली ती हसत होती, मला तिचे ओठ दिसत होते. "नाय," ती म्हणाली.

"उखान्यात घ्या पायजे तर."

"खळ्यावर कसला उखाना? तुमचा लगीन लागतंय का परत?"

"वहिनी, नाव नाय तर हार. नियम हाय."

"मंग हरले," ती म्हणाली. पंचा सोडला, मला बघितलं, पदर कपाळावर ओढला आणि चुलीवर भात टाकायला घरात गेली. अशी गेली जशी काय टाळ्या तिच्यासाठीच वाजत होत्या.

जेवताना मी म्हणालो, "नुसतं नाव घ्यायचं होतं. जिंकली असतीस."

ती म्हणाली, "जिंकून काय करू? तुमी तर घरातच हाव."

मीठ बरोबर होतं त्या दिवशी. मी ताटाकडं बघत राहिलो तरी.

तो खेळ पुढं बंद झाला. काळापांढरा टीव्ही गेला, रंगीत आला, चॅनेलं इतकी झाली की एकावर मन ठरेना. बापूला आसनगावला कंपनीत काम लागलं, त्यानं तिथं खोली घेतली, सुट्टीला घरी येऊ लागला. सुमन इथं आमच्यापाशी. आणि केव्हातरी, कुठल्या खळ्याला ते मला सांगता येत नाही, बायकोची नावं जायला लागली. जनीला ती "गो बाय" म्हणू लागली. सुनेला "पोरी". गणपा आला की "हे आले" म्हणायची. आम्हाला वाटलं, वय झालं. सगळ्यांची नावं तिच्यापासून जात होती, पण माझं जाताना कुणाला दिसलं नाही. दिसणार कसं? जे कधी बाहेर आलंच नाही, ते आत आहे की नाही हे कशावरून बघायचं? मला बघून ती पदर ओढायची आणि गप्प राहायची, आणि मी म्हणायचो, बघा, नवरा कोण ते बरोबर कळतंय.

शहापूरला डॉक्टरकडं नेलं. पोरगेलासा डॉक्टर, बोलायला मऊ. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "आजी, यांचं नाव काय?" तिनं खाली बघितलं. डॉक्टरनं कागदावर काहीतरी खरडलं. मी उठून उभा राहिलो. "थांबा. ती इसरली नाय. आमच्यात बायका नाव घेत नायत."

"बरं," तो म्हणाला. "आजी, नाव नका घेऊ. हे तुमचे कोण, एवढं सांगा."

तिनं पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. बापू खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, लाजली. परतीच्या जीपमध्ये मी अख्खा रस्ता हेच बोलत आलो. मध्ये बसलेली ती झाडं बघत होती.

दिवाळी सरल्यावर ती एकदा फाट्यावर सापडली, मुरबाडच्या एसटीची वाट बघत. गणपानं हाताला धरून आणली. "वैशाखऱ्याला जायाचंय," ती त्याला सांगत होती, "आई वाट बघत असंल." वैशाखरे तिचं माहेर. तिची आई जाऊन इतकी वर्षं झाली की त्या घराचं छप्पर बदलून झालं.

मग बापू आला आणि पडवीत बसला. "बाबा, आईला मी आसनगावला नेतो. दवाखाना जवळ, दाराला आतून कडी. सुमन येईल. तुमी पन चला."

"मी नाय येत. आन ती पन नाय."

"बाबा, ती तुमाला वळखत नाय."

"वळखते."

तो माझाच पोरगा, हट्ट कुठून आणणार दुसरा? म्हणाला, "बरं. खळं उरकेपर्यंत बघू. तिच्या तोंडातून तुमचं नाव एकदा आलं तर मी परत हा विषय काढनार नाय."

पोराला कळलं नाही तो काय मागतोय. त्याची बायको त्याला बापू म्हणून हाक मारते, त्याला काय कळणार? मला कळलं. तरी मी म्हणालो, "ठरलं."

तेव्हापासून मी रोज पाहुणा झालो. मागच्या दारानं बाहेर पडायचं, परड्यातून वळसा घालायचा, पुढच्या दारात येऊन खोकायचं. कधी पागोटं घालून आलो, कधी उघडा. जुना पंचा शोधून तिच्या डोळ्यांवर बांधला, तर घाबरून रडली. मग तो माझ्याच डोळ्यांवर बांधला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो, गुडघे कुरकुरत असताना. "विचार गो. कायपन विचार." ती सुमनला म्हणाली, "ह्या म्हाताऱ्याला दिसत नाय वाटतं, हात धर त्याचा." सुमन मला आत घेऊन गेली. "मामा, किती वेळा?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो नाही.

गावदेवाला कौल लावला. तांदळानं देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. देवसुद्धा हो-नायच्या पलीकडं बोलत नाही, मला त्याचं काही नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की पाकळीच पडेना. गुरव म्हणाला, देवाला वेळ द्या. मी म्हणालो, त्याच्याकडं आहे रे, माझ्याकडं खळं उरकेपर्यंतच आहे. ऊन उतरलं तरी मी बसून होतो. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी सुकल्या.

माणूस आशेला किती बारीक करून घेतो ते मी या हंगामात बघितलं. आधी वाटायचं, ती बरी होऊ दे. मग, मला ओळखू दे. मग, निदान नाव घेऊ दे, कसंही, झोपेत, चुकून. जे नाव तिनं जन्मभर माझ्यासाठी झाकून ठेवलं, ते तिनं उघड्यावर टाकावं म्हणून मी दारात उभा. मीच.

काल मशीन आलं आणि दुपारपर्यंत गेलं. खळं उरकलं. आज बापू येणार होता, गाडी घेऊन. मी पेंढ्याच्या ढिगाला टेकून बसलो होतो. तेवढ्यात ती आपली आपण बाहेर आली. माझ्यासमोर पेंढ्यावर बसली, पाय पसरून, पोरी बसतात तशी. एक काडी उचलून चावू लागली. वारं होतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला.

"कोन तुमी?" तिनं विचारलं.

मी पाहुणा होऊन आलो नव्हतो. थकलो होतो. तरी जुनी सवय तोंडात आली. "वळखा बघू. मी हो नाय तर नाय, एवढंच बोलनार."

तिला मजा वाटली. तिनं काडी टाकली. डोळे मिटले. खरंच मिटले, पदर नव्हता तर पापण्यांची पट्टी केली.

"हितलेच का?"

"हो."

"भात असतं का तुमचं?"

"हो."

"घरी बायको हाय का?"

मला दम लागला. दम घेतला आणि म्हणालो, "हो."

तिची मान कलली, त्या वर्षीसारखी. कुठंतरी लांबचं ऐकल्यासारखं तिनं केलं.

"चांगली हाय का?"

"हो."

"मंग तुमी काशिनाथ," ती म्हणाली.

स्वच्छ म्हणाली. खाली न बघता, आवाज न उतरवता. शेळ्या वळणाऱ्या पोरीनं दुसऱ्या डोंगरावरच्या पोराला हाक मारावी तशी. डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं, बरोबर ना, अशा तोंडानं, आणि पदर खांद्यावरच होता. तिचा हात त्याच्याकडं गेला नाही.

माझं नाव तिच्या आवाजात कसं वाजतं हे मी म्हातारपणी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं वाजतं. मधला 'शि' ती जरा ओढते. आणि ते ऐकत असतानाच मला कळलं. माझ्या बायकोनं हे नाव घेतलं नसतं. त्या वर्षी ती हरली, कारण तिला मी माहीत होतो. आज ती जिंकली.

सुमन दारातून धावत आली, हाताला पीठ. "मामा, ऐकलं मी. नाव घेतलं आईनी. वळखलं तुमाला." तिच्या एका हातात मोबाईल होता आणि ती हसत होती, रडत होती. "बापूला फोन करते. गाडी नको म्हनून सांगते. सांगू ना?"

आणि ती, पेंढ्यावरून उठत, साडीवरची कुसळं झाडत, दारी आलेल्या भल्या माणसाशी बोलावं तशी मला म्हणाली, "बसा. दमलेले दिसतांव. चा घेनार ना?"

दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी दम घेतला आणि म्हणालो, "हो."